पॉइंट कार्डाचा नंबर विकत घेऊ नका

कोल्हापुरात महाद्वार रोडजवळ आमचं चपलांचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. गेल्या वर्षी नवरात्राआधी गिऱ्हाइकांसाठी पॉइंट कार्ड सुरू केलं. सॉफ्टवेअर करणारा ओळखीतूनच आला होता. म्हणाला, "मालक, जगात दुसऱ्या कुणाकडं नसंल असा नंबर पायजे तर तो बाहेरच्या सर्व्हरवरनं एपीआयनं घ्यावा लागतोय. नंबरला तीन रुपये." एपीआय म्हणजे आपल्या मशीननं नेटवरनं दुसऱ्याच्या कॉम्प्युटरकडं मागणी करायची सोय. वर बसवायचे चाळीस हजार. सिमकार्डासारखंच असेल असं समजून मी दिले.

ते साफ खोटं होतं. बँकेच्या कार्डाचे सुरुवातीचे आकडे आंतरराष्ट्रीय नियमानं वाटून दिलेले असतात. दुकानाच्या कार्डाला तसलं काही लागत नाही. आपल्या दुकानात तो नंबर दुसऱ्या कुणाला गेलेला नसला की झालं.

अष्टमीच्या गर्दीत गडहिंग्लजच्या एक मावशी नातीला चप्पल घ्यायला आल्या. 640 पॉइंट साठवलेले, मशीनवर शून्य. "एकदाबी वापरलं न्हाईत ओ मी," एवढंच बोलल्या. आदल्या दिवशी दुसऱ्याच गिऱ्हाइकानं ते वापरले होते, आणि त्याचाही दोष नव्हता. त्याच्या कार्डावर तोच नंबर होता. मी चप्पल तशीच देऊ केली, तर मावशींनी पैसे मोजले आणि कार्ड काउंटरवर ठेवून गेल्या.

रात्री इंजिनिअरिंगला असलेल्या भाच्यानं यादी तपासली. 1,900 कार्डांत सारख्या नंबरच्या दोन जोड्या. सर्व्हर नुसता सहा आकडी नंबर अंदाधुंद काढत होता, आधी दिलाय का हे बघतच नव्हता. दहा लाख नंबर आहेत म्हणजे भरपूर, असं आपल्याला वाटतं. पण असे नंबर काढले तर 1,200 गिऱ्हाइकांतच कुठले तरी दोन सारखे निघण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. डेटाबेसमध्ये, म्हणजे कार्डांची यादी जिथं साठते तिथं, नंबरच्या रकान्याला 'युनिक'ची (एक नंबर एकदाच) अट घातली असती तर दुसरा सारखा नंबर आत शिरलाच नसता. अटीनं नंबर नाकारला की नवा काढायचा, एवढंच काम. यासाठी तीन रुपये!

आणखी एक. नेट अडकलं की बिलिंगवाली मुलगी परत बटण दाबायची. दर वेळी नवा नंबर तयार व्हायचा, त्याचेही पैसे लागायचे. खरं तर प्रत्येक मागणीला स्वतःची खूण असावी, म्हणजे तीच मागणी पुन्हा आली तर सर्व्हर पहिलाच नंबर परत देतो. काम देताना हे विचारा, आणि पाच हजार नंबर काढून सारखे निघतात का ते समोर बसून बघा. सर्व्हर आणि डेटाबेस मात्र पहिल्या दिवसापासून स्वतःच्या नावावर घ्या.

मी घेतला नव्हता. जाब विचारल्यावर सॉफ्टवेअरवाल्यानं एपीआयच बंद केला. ऐन दसऱ्याला कार्डं चालेनात. पोलिसांकडं अर्ज दिलाय, पावत्या जोडल्यात. गिऱ्हाइकांनी विश्वासानं दिलेले मोबाइल नंबर अजून त्याच्याच सर्व्हरवर आहेत. एकेकाला फोन करून सांगतोय. आजवर 312 झाले.