इंजेक्शनच्या नावाखाली १,१८,५०० रुपयांची टोपी

जिप्सीवाल्यांनो, आणि जुन्या कार्बच्या (कार्बोरेटरच्या) गाड्या हौसेने मॉडिफाय करणाऱ्या सगळ्यांनोच, हे वाचा. पुण्याबाहेर हायवेला शेड टाकून बसलेल्या एका ‘ट्यूनर’ने कार्ब काढून इंजेक्शन, म्हणजे कॉम्प्युटरने मोजून पेट्रोल फवारणारी यंत्रणा, बसवून देतो म्हणत मला १,१८,५०० रुपयांना टोपी घातली. प्रकरण ग्राहक आयोगात आहे, म्हणून नाव लिहीत नाही.

माझी १९९८ची जिप्सी किंग, १३०० सीसी, आठ व्हॉल्व्हची. कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बदललेला, हेडचं काम केलेलं. कार्बवर झकास पळायची, पण उभ्या चढाला नाक वर झालं की फ्लोट बाऊलमधलं (कार्बच्या वाटीतलं) पेट्रोल मागे सरकायचं आणि ऐन वेळी इंजिन बंद. महाबळेश्वरला हवा विरळ, तिथे मिक्श्चर रिच होऊन, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त पडून, काळा धूर. इंजेक्शनला हे त्रास नसतात. मारुतीने २००० साली जिप्सीला सोळा व्हॉल्व्हचं एमपीएफआय (इंजेक्शनवालं) इंजिन दिलं तेव्हा पॉवर साठवरून ऐंशी हॉर्सपॉवरवर गेली. म्हणजे इंजेक्शनबद्दल तो ट्यूनर बोलत होता ते सगळं खरंच होतं. खरं बोलूनच फसवतात हे लोक!

ॲडव्हान्स ४०,०००. ‘प्रोग्रॅमेबल’ ईसीयू (पेट्रोल किती सोडायचं ते ठरवणारा कॉम्प्युटरचा डबा) आणि वायरिंगचे ३८,५००. थ्रॉटल बॉडी, इंजेक्टर, हाय प्रेशर पंप मिळून २७,०००. मॅपिंग, म्हणजे त्या डब्यात माझ्या इंजिनाचे आकडे भरणं, १३,०००. पद्धत तुम्हाला माहीतच आहे. आधी गाडी उघडायची, मग एकेक आकडा काढायचा. उघडं इंजिन घेऊन गिऱ्हाईक जाणार कुठे? बिल मागितलं की ‘जीएसटी लावला तर तुम्हालाच महाग पडेल, दादा.’ माझा चालू कार्ब ‘भंगारातच जाणार’ म्हणून ठेवून घेतला. जुना पार्ट गॅरेजमध्ये कधीही सोडू नका.

मॅपिंगचा दिवस मात्र डोक्यातून जात नाही. लॅपटॉप सीटवर, केबल डॅशबोर्डखाली गेलेली, स्क्रीनवर आलेख नाचतायत. मध्येच त्याला फोन आला. त्याने चावी फिरवून इंजिन बंद केलं आणि बोलत बाहेर गेला. इंजिन बंद, आणि स्क्रीनवरचा आरपीएम २,८००वरून ३,१००वर चाललाय! मी पाहिलं, शेजारी बसलेल्या मेहुण्यानेही पाहिलं. विचारलं तर म्हणतो, ‘सॉफ्टवेअर जरा मागून चालतं, साहेब.’ मागून! कुठल्या तरी दुसऱ्याच गाडीचं रेकॉर्डिंग लावलं होतं त्याने. एक्झॉस्टच्या पाइपाला वाइडबँड सेन्सरसाठी साधा नटसुद्धा वेल्ड केलेला नव्हता. मग हवा-पेट्रोलचं प्रमाण काय वासावरून मोजत होता? पण १३,००० आधीच गेले होते, गाडी सुरू होत होती, आणि मी बँकेत कॅशियर आहे. खोटी नोट ओळखतो, खोटा आलेख ओळखायला मला कुणी शिकवलेलं नाही.

घरी आणल्यावर ॲव्हरेज निम्म्यावर, आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू असताना) धापा, प्लग काळेकुट्ट. शेवटी कोल्हापूरच्या एका जुन्या मिस्त्रींनी डबा उघडला. स्टिकर खरवडलं तर खाली भंगारातल्या मारुतीचा कंपनी ईसीयू, सोळा व्हॉल्व्हच्या, काहीही न बदललेल्या स्टॉक इंजिनाचा. माझ्या कॅममुळे आयडलला व्हॅक्यूम कमी पडतो, तो व्हॅक्यूम मोजणाऱ्या मॅप सेन्सरला वाटतं लोड आला, आणि डबा पेट्रोल ओतत राहतो. कार्बचा जेट (पेट्रोलचं बारीक भोक असलेला तुकडा) काढून डोळ्यांनी बघता येतो. या डब्यात काय भरलंय ते गिऱ्हाइकाने कसं बघायचं? लॅपटॉप स्वतःचा न्या. मॅपची फाइल आणि पासवर्ड हातात पडल्याशिवाय एक रुपया सोडू नका.

पोलीस ठाण्यात गेलो. ‘काम केलंय ना त्याने? मग हे दिवाणी.’ म्हटलं, जुना माल नवा म्हणून विकला, ही फसवणूक आहे, न्याय संहितेचं कलम ३१८ बघा. तर साहेब मलाच विचारतात, ‘चांगला कार्बोरेटर काढलाच कशाला?’ अर्ज घ्यायलाही तयार नाहीत. शिक्का मारून पोच मागितली तर शिक्का दुसऱ्या टेबलावर, आणि त्या टेबलाचा माणूस बंदोबस्तावर. आरटीओत तर कहरच. ‘आरसीवर नोंद आहे? परवानगी घेतली होती?’ म्हणत मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मलाच ऐकवलं. तो शेडवाला रोज अशा गाड्या उघडतो, त्याच्याकडे कुणी जात नाही, आणि गाडी जप्त होण्याची भीती मला! एका हेल्पलाइनवरून तक्रार क्रमांक आला, मग ‘समोरच्याकडून प्रतिसाद नाही’ म्हणून तक्रारच बंद. प्रतिसाद द्यायला तो काय वेडा आहे?

ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही, एवढंच बरं. पुरावा म्हणून यूपीआयच्या पावत्या आणि त्याचे व्हॉट्सॲप मेसेज जोडलेत. रोख दिली असती तर तेही नसतं.

सध्या गाडीवर ६,००० रुपयांचा जुना कार्ब आहे. माझ्या मूळ कार्बच्या फ्लोट बाऊलला डाव्या बाजूला केशरी ऑइलपेंटचा ठिपका आहे. कुणी विकायला आणला तर फोटो काढून ठेवा, वकिलांना हवाय.