क्षेत्रफळाची तुलना: पुठ्ठ्याच्या फरशा की चौकटींचा कागद?

तिसरी-चौथीच्या मुलांना ‘कुठला आकार जास्त जागा व्यापतो’ हे शिकवताना यांतलं आधी काय घ्यावं?

खर्च दोन्हींचा किरकोळ. जुन्या लग्नपत्रिकांतून ५ सेंमी बाजूचे चौरस कापा, दोन मुलांच्या जोडीला १५ पुरतात. कापणं मात्र मोठ्यांनीच करावं: प्रत्येक फरशी २ मिमी मोठी झाली, तर पाचांच्या ओळीत १ सेंमीचा घोळ होतो.

समज पक्की होते ती फरशांनीच. २०×१५ आणि २५×१० सेंमीचे आयत द्या. दोन्हींची परिमिती ७० सेंमी, पण एकात १२ फरशा बसतात, दुसऱ्यात १०. लांब तो मोठा, हा समज तिथेच मोडतो. मुलं फटी ठेवतात, फरशा एकमेकींवर चढवतात. लगेच दुरुस्त करू नका, ‘उघडी जागा कोण मोजणार?’ एवढंच विचारा.

चौकटींच्या कागदावर फटी पडतच नाहीत, म्हणून ही चूक दिसतही नाही. काही मुलं चौकटींऐवजी रेघा मोजतात. दोन वह्यांच्या चौकटी लहान-मोठ्या असल्या तर तुलनाच चुकते.

पिंपळाच्या पानासारख्या वाकड्या आकाराला मात्र कागदच हवा: अर्ध्या चौकटीहून मोठा तुकडा एक धरा, लहान सोडा.

पहिल्यांदाच शिकणाऱ्यांना फरशा. मोजणी जमलेल्यांना, वाकड्या आकारांना आणि खूप मुलं असलेल्या वर्गाला कागद.