वर्षभर झाडांची वही ठेवायची तर ठाण्याचे रस्ते, येऊर की मुरबाडचे बांध?

काही ठरावीक झाडं निवडायची आणि वर्षभर त्यांची पालवी, फूल, फळ, पानगळ टिपत राहायची, असं मनात असलेल्या ठाणेकराला पहिला प्रश्न जागेचा पडतो. घराजवळचे रस्ते, येऊरचं जंगल, की कल्याणपुढे मुरबाडकडच्या भातखाचरांचे बांध? तिन्हीकडे मी वही घेऊन फिरलोय. वड-पिंपळ-आंबा तुम्हाला ओळखता येतात असं धरून चालतो.

सोय बघाल तर शहरच. दूध आणायला जाता जाता ताम्हणाला कळ्या आल्यात का ते कळतं. लोकांकडून झाडांच्या ऋतूंच्या नोंदी गोळा करणाऱ्या सीझनवॉचसारख्या उपक्रमाला दर आठवड्याला नोंद द्यायची असेल तर दुसरा पर्यायच नाही. मात्र चार रस्ते फिरलात की तीच मंडळी पुन्हा भेटायला लागतात. दक्षिण अमेरिकेतून आलेला रेन ट्री, मादागास्करचा गुलमोहर, आग्नेय आशियातला सोनमोहर, मधूनमधून सप्तपर्णी. बाहेरची म्हणून त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही, मे महिन्यात सावली तीच देतात. पण एका रस्त्यावरची झाडं बहुधा एकाच खेपेला लावलेली, म्हणून सगळी एकाच वयाची. खाली पेव्हर ब्लॉक, त्यामुळे बी पडतं ते झाडूबरोबर जातं. रुजतात ते फक्त वड-पिंपळ, तेही गच्चीच्या भेगेत.

एवढं मी चालवून घेतलं असतं. माझं मन उडालं ते छाटणीमुळे. पावसाळ्याआधी फांद्या हलक्या करायला हव्यात हे मान्य. वाऱ्यात फांदी गाडीवर पडलेली कोणालाच नको असते. पण ही छाटणी नेमकी एप्रिल-मेमध्ये येते, आणि बहावा, ताम्हण, गुलमोहर यांचा बहरही तेव्हाच. वहीत ‘भरपूर कळ्या’ असं लिहावं, आणि पुढच्या रविवारी जाऊन बघावं तर नुसते खुंट. नंतर त्या खुंटांना जी पालवी फुटते ती ऋतूची की घावाची, हे कोण सांगणार? फुटव्याची पानंही पुष्कळदा नेहमीपेक्षा मोठी, म्हणजे ओळख पटवतानाही गोंधळ. रस्ता बदलून पाहिला, सोसायटीच्या आतली झाडं घेतली, करवत तिथेही पोचली. वर्षाची नोंद मधेच तुटली की पुढची पानं भरायला हात उचलत नाही, निदान माझा तरी.

येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ठाण्याकडची बाजू. जातींच्या बाबतीत त्याच्याशी बरोबरी नाही. साग, ऐन, किंजळ, हेदू, कळंब, कुंभा, काटेसावर. शिवाय फेब्रुवारी-मार्चमध्ये एकही पान नसलेली, शेंदरी फुलांनी लगडलेली कौशी. एकाच जातीचं वीतभर रोप, पोरसवदा झाड आणि थोराड बुंधा आसपास दिसतो. झाडांचा समाज म्हणतात तो बघायचा तर इथेच. नवख्याची पंचाईत अशी की पान हाताला लागत नाही. ऐनाच्या पानामागे देठाजवळ दोन ग्रंथी असतात, त्यावरून खात्री करावी म्हटलं तर पानं पार वर, आणि मान दुखेपर्यंत बघूनही हाती काही नाही. बिबट्याचा वावर असल्याने उजेड असतानाच परत फिरावं लागतं, ते वेगळं.

आता बांध. तोड इथेही आहेच: राबासाठी ऐनाची कवळ, म्हणजे पाल्यासकट डहाळ्या, तोडतात आणि भाताचं रोप टाकायच्या जागी ती भाजतात. मग फरक काय? फरक असा की कोणत्या झाडावर कोयता चालणार हे शेताच्या मालकाला विचारलं की कळतं. त्या झाडाशेजारच्या मोहाला, आंब्याला, चिंचेला तो हात लावत नाही, कारण त्यांचं फूल-फळ त्याला हवं असतं. म्हणून नोंद अखंड राहते. शिवाय तोडलेल्या ऐनाचा फुटवा खाली असतो, त्या दोन ग्रंथी बोटाने चाचपता येतात. इथे पान ओळखीचं झालं की येऊरमधला ऐन नुसत्या भेगाळ सालीवरूनही लक्षात येऊ लागतो.

उणीव आहेच. बांधावर उपयोगाचीच झाडं राखलेली असतात, त्यामुळे जाती जंगलापेक्षा कमी. गुरं आणि भाजणी यांतून रोपटी फारशी वाचत नाहीत; जुनं झाड आहे, पण त्याच्या जागी उद्या येणारं नाही. कल्याणहून एसटीने जायचं, म्हणजे आठवड्याला जमेलच असं नाही. पंधरवड्याने जमत असेल तर मात्र मी बांधच घ्या म्हणेन. मोह, पळस, ऐन, किंजळ, चिंच एवढी धरलीत तरी वही भरते.

सुरुवात होळीच्या सुमारास करा. त्या दिवसांत मोहाखालची जमीन झाडून साफ केलेली दिसेल. पहाटे गळणारी फुलं वेचण्यासाठी कोणाच्या तरी घरच्यांनी ती केलेली असते, तेव्हा विचारल्याशिवाय तिथे पाय ठेवू नका. झाड कोणाचं ते गावात सगळ्यांना ठाऊक असतं.