वायलीज बाथ्स, कुजी: तिकिटाआधी भरती-ओहोटी पाहा

डिसेंबर-जानेवारीत सिडनीला लेकाकडे-लेकीकडे आलेल्या मंडळींना हमखास बाँडायचा तो प्रसिद्ध पांढरा तलाव, आइसबर्ग्ज, दाखवायला नेतात. वरून फोटो काढायला तो सुंदरच आहे. पण ज्यांना पाण्यात उतरायचं आहे, त्यांनी बाँडायच्या दक्षिणेला असलेल्या कुजीला जावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. कुजीच्या पुळणीच्या दक्षिण टोकापासून दहा मिनिटं चाललं की कड्याच्या पोटात वायलीज बाथ्स लागतो. लाकडी खांबांवर उभी केलेली फळ्यांची माची, खाली खडक आणि त्या खडकांत बांध घालून अडवलेला पन्नास मीटरचा समुद्र. न्यू साउथ वेल्सच्या किनाऱ्यावर असे शंभरेक तलाव आहेत. त्यातले बरेचसे फुकट असले, तरी इथलं तिकीट सार्थकी लागतं. मात्र त्याला एक अट आहे.

ती अट म्हणजे, हा तलाव नुसता घड्याळ पाहून गाठायचा नाही, भरती-ओहोटी पाहून गाठायचा. इथे क्लोरीन नाही आणि पाणी बदलतो तो समुद्र. भरतीला लाटा बांधावरून आत येतात, जुनं पाणी ढकलून देतात आणि ओहोटी लागली की बांध उघडा पडून आतलं पाणी एकटं राहतं. त्यामुळे एकाच दिवशी सकाळी नऊला आणि दुपारी तीनला आलेल्या दोन माणसांचं या जागेबद्दलचं मत अगदी उलट असू शकतं आणि दोघंही खरं बोलत असतात.

कोकणात तिथीच्या पाऊणपट भरती हा हिशेब घरोघरी माहीत असतो. अष्टमीला आठाचे पाऊण सहा, म्हणून सहाला भरती. हा हिशेब मुंबई-रत्नागिरीच्या समुद्राचा, सिडनीत तो चालत नाही. अमावस्या-पौर्णिमेला मुंबईत भरती दुपारी बाराच्या सुमारास भरते, तर सिडनीत उन्हाळ्यातली (डिसेंबर ते फेब्रुवारी) उधाणाची, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या दिवसांतली मोठी भरती सकाळी नऊच्या आगेमागे येते. शिवाय उन्हाळ्यात दिवसाची भरती रात्रीच्या भरतीहून मोठी असते. उधाणाला भरती-ओहोटीतला फरक पावणेदोन-दोन मीटरच्या घरात जातो, भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपास, तो मीटरभर किंवा त्याहूनही कमी राहतो. मुंबईच्या चार-पाच मीटरांपुढे हे किरकोळ वाटेल, पण बांधाची उंची याच फरकावर बेतलेली असते. वेळा पाहायला हवामान खात्याचा फोर्ट डेनिसनचा तक्ता पुरतो. तो बंदरातला असला तरी बाहेरच्या किनाऱ्यावर फरक थोड्या मिनिटांचाच पडतो. छापील तक्ता हाती असेल तर त्यात उन्हाळ्यात घड्याळं पुढे करतात तो एक तास धरला आहे की नाही, तेवढं तपासा. नाहीतर सगळा बेत तासाभराने हुकतो.

आता कोणी केव्हा जावं ते. नवशिके, लहान मुलं, पन्नाशीनंतर पोहायला शिकणारे यांनी ओहोटीच्या आधी-नंतरचे मिळून चार तास धरावेत. बांधावरून लाट येत नाही, पाणी स्थिर असतं आणि तळ दिसतो. ज्यांना लाटांसकट पोहायचं आहे त्यांनी भरतीच्या दोन तास आधी उतरावं. तेव्हा पाणी सर्वांत ताजं असतं, पण समुद्राकडच्या बाजूने पोहताना दर चार-पाच हातांनंतर कुशीवर ढकललं जायची तयारी हवी. टाळायची वेळ एकच: भांगाच्या दिवसांतली, सुटीच्या दिवशीची दुपार. भरती आली तरी जेमतेम बांधाला टेकते, पाणी कित्येक तास बदललेलं नसतं, सकाळपासून शेकडो माणसं सनस्क्रीन चोपडून उतरलेली असतात आणि पृष्ठभागावर तेलाचा तवंग चमकतो. या वेळी आलेला माणूस ‘पाणी गढूळ आहे हो’ म्हणत परत जातो. दोष तलावाचा नाही, वेळेचा आहे.

भरतीबरोबर वारा पाहणंही तितकंच महत्त्वाचं, आणि ते फार थोडे लोक करतात. उन्हाळ्यात ईशान्येचा वारा दोन-तीन दिवस सलग वाहिला की दोन गोष्टी होतात. पहिली, किनाऱ्यावर ब्लू बॉटल येऊन पडतात. पावसाळ्यात जुहूला दिसतात तसलेच हे निळ्या फुग्याचे, लांब धाग्यांचे जीव. भरतीबरोबर ते बांधावरून आत येतात आणि ओहोटीला तलावातच अडकतात, म्हणजे पुळणीवर नसले तरी तलावात असू शकतात. दुसरी गोष्ट आणखी चमत्कारिक: पाणी अचानक गार पडतं. हा वारा किनाऱ्यालगतचं वरचं ऊबदार पाणी पृथ्वीच्या फिरण्यामुळे खोल समुद्राकडे लोटतो आणि त्या जागी खालचं थंड पाणी वर येतं. जानेवारी-फेब्रुवारीत जे पाणी बावीस-तेवीस अंश असायला हवं, ते सतरा-अठरावर येतं. बाहेर पस्तीस अंशांचं ऊन आणि आत हुडहुडी! दम्याच्या किंवा हृदयाच्या रुग्णांनी अशा दिवशी शिडीवरून हळूहळू, मानेवर-छातीवर पाणी मारत उतरावं, वरून उडी मारू नये. वारा दक्षिणेचा झाला की ब्लू बॉटल कमी होतात, पण लाटा वाढतात. लाटांची उंची दोन मीटरच्या वर सांगितली असेल आणि त्यात भरती असेल, तर त्या दिवशी तलाव उघडा असला तरी तिकीट काढू नका, वरच्या माचीवर बसून समुद्र पाहा.

ब्लू बॉटल चावलाच, म्हणजे त्याचा धागा अंगाला चिकटलाच, तर चोळू नका, वाळू घासू नका आणि व्हिनेगरही लावू नका; व्हिनेगर उष्ण प्रदेशातल्या दुसऱ्या जातीच्या जेलिफिशसाठी असतं. धागे बोटांनी किंवा चिमट्याने उचलायचे, समुद्राच्याच पाण्याने धुवायचं आणि मग सोसवेल इतक्या गरम, साधारण पंचेचाळीस अंशांच्या पाण्याखाली तो भाग वीस मिनिटं धरायचा. गरम पाण्याने कळ कमी होते. ते मिळालं नाही तर बर्फाची पिशवी. श्वास लागला, उलटी होऊ लागली किंवा चेहऱ्यावर-मानेवर सूज आली तर थेट रुग्णवाहिका बोलवा.

तळाचं काय? तळ नैसर्गिक खडकाचा आहे, फरशीचा नाही. खोली एकसारखी वाढत जात नाही. पाय टेकतोय म्हणून निवांत उभं राहावं, तर पुढच्या पावलाला टेकेलच असं नाही. पोहता न येणाऱ्यांनी हाताशी भिंत किंवा साखळी असू द्यावी आणि जीवरक्षक सतत आपल्याकडे बघतोय असं गृहीत धरू नये. भिंतींवर कालवं आणि शंख चिकटलेले असतात, त्यांची धार ब्लेडसारखी. पायऱ्यांवर शेवाळ. खडकांच्या खाचांत काळे काटेरी सी-अर्चिन. पाण्यातले रबरी तळाचे बूट पंधरा-वीस डॉलरांना मिळतात, ते घ्याच. चपला घालून उतरू नका, त्या सुटतात आणि त्यांच्या मागे माणूस जातो. काटा मोडलाच तर पाय गरम पाण्यात ठेवून वर आलेला भाग चिमट्याने ओढायचा. खोल रुतला असेल तर उकरत बसू नये, डॉक्टरकडे जावं. मुलांना शिंपले वेचायची सवय असते, ती इथे बंद. सिडनीच्या खडकांत निळ्या वलयांचा छोटा ऑक्टोपस असतो. रिकाम्या शिंपल्यातही तो दडून बसतो, डिवचल्यावर अंगावर निळी कडी चमकतात आणि त्याचं विष जीवघेणं आहे. खाचांत हात घालायचा नाही, रंगीत काही दिसलं तर नुसतं पाहायचं.

एवढं सगळं सांगूनही हा तलाव का आवडतो? कारण गॉगल लावून तोंड पाण्यात घातलं की खाली मासे पोहताना दिसतात. तळ खडकाचा असण्याचा हाच फायदा. शिवाय खाऱ्या पाण्यात अंग वर राहतं. घनता गोड्या पाण्याहून फक्त अडीच टक्के जास्त असते, पण शिकणाऱ्याला तेवढाच फरक धीर देतो. ज्यांचे पाय बुडतात म्हणून पुण्या-मुंबईच्या तलावांत फ्रीस्टाइल जमत नाही, त्यांनी इथे दोन दिवस प्रयत्न करून पाहावा. उलट, मोजून फेऱ्या मारणाऱ्यांना इथे वैताग येईल. तळाला काळ्या रेषा नसतात, माणसं आडवी-तिडवी येतात. त्यांच्यासाठी बाँडायचा आइसबर्ग्ज बरा. पन्नास मीटर, आखलेल्या लेन, पांढरा सपाट तळ, शेजारी मुलांचा छोटा तलाव. तिकीट दहा डॉलरच्या आसपास, वायलीजपेक्षा महाग. आणि गुरुवारी तो साफसफाईसाठी रिकामा करतात. पाहुण्यांना गुरुवारी नेऊन कोरडा हौद दाखवणारे दरवर्षी निघतातच.

वायलीजचा इतिहास दोन ओळींत: हेन्री वायली यांनी तो १९०७ साली बांधला. त्यांची मुलगी मीना आणि तिची मैत्रीण फॅनी ड्युरॅक १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकला गेल्या. पुरुष प्रेक्षक असताना बायकांनी शर्यतीत उतरू नये, या नियमावरून त्यांच्या जाण्यालाच आधी विरोध झाला होता. शंभर मीटर फ्रीस्टाइलमध्ये फॅनीला सुवर्ण, मीनाला रौप्य. मीनाचा पुतळा तलावावरच आहे.

याच वाटेवर, वायलीजच्या अलीकडे, मॅकायव्हर्स लेडीज बाथ्स आहे. तिथे फक्त बायका आणि लहान मुलं. भारतातून आलेली आई किंवा सासू ‘चारचौघांत पोहायचा पोशाख घालणार नाही’ म्हणत असेल, तर वाद न घालता तिला इथे न्यावं. प्रवेश दोन-तीन डॉलर. आत कोणी कोणाकडे पाहत नाही. पूर्ण बाह्यांचा, पायघोळ लायक्राचा पोशाख दोन्हीकडे चालतो. सुती सलवार-कुडता मात्र नको: तो पाणी पिऊन जड होतो, पायांत अडकतो आणि दमवतो. अडीच-तीन वर्षांची पोरं बरोबर असतील तर दोन्ही तिकिटं वाचवा आणि कुजीच्या पुळणीलाच लागून असलेला रॉस जोन्स तलाव गाठा. तो फुकट आहे, पण भरतीला लाटा थेट आत कोसळतात, म्हणून तिथे ओहोटीच. जवळच्या ब्राँटीच्या पुळणीवर जाणार असाल तर तिथलं खडकांच्या वर्तुळातलं ‘बोगी होल’ मुलांना याहून आवडेल.

गैरसोयी आहेतच. वायलीजला रस्त्यावरून खाली उतरायला भरपूर पायऱ्या आहेत. गुडघे दुखणाऱ्यांना उतरताना नाही, पण पोहून दमल्यावर चढताना त्या जाणवतात. चाकाच्या खुर्चीला सोय नाही, असंच धरून चाला. सुटीच्या दिवशी गाडी लावायला जागा मिळत नाही. पश्चिम सिडनीतल्या वेस्टमीड, हॅरिस पार्ककडून येणाऱ्यांनी रेल्वे आणि बस मिळून दीड तास धरावा. बाँडायचा बेत असेल तर बाँडाय जंक्शनपर्यंत रेल्वे आणि पुढे ३३३ नंबरची बस, हे सोपं. वायलीजवर कॉफी आणि किरकोळ खायला मिळतं, पण चौघांचं पोट भरेल असं नाही. पोळी-भाजीचा डबा न्या, काचेची बरणी नेऊ नका. अनवाणी पायांच्या जागी एक तुकडा पुरतो.

ऊन हा वेगळा विषय. सिडनीच्या उन्हाळ्यात अतिनील किरणांचा निर्देशांक दुपारी ११ या आकड्याच्या वर जातो. सावळ्या कातडीला भाजत नाही हा आपला जुना समज इथे एका दुपारात उतरतो. पन्नास एसपीएफचं सनस्क्रीन उतरण्याआधी वीस मिनिटं, मग दर दोन तासांनी आणि प्रत्येक वेळी अंग पुसल्यावर. कानांच्या पाळ्या, पायांचे वरचे भाग आणि केसांतला भांग विसरले जातात. तलाव पूर्वेकडे तोंड करून असल्याने चारनंतर कड्याची सावली पाण्यावर सरकू लागते. आमच्या मते वायलीजची सर्वांत चांगली वेळ तीच, ओहोटी जुळून आली तर.

जोराचा पाऊस पडून गेला असेल तर पूर्ण एक दिवस जाऊ द्या. शहराची बरीच पावसाळी गटारं किनाऱ्याला येऊन मिळतात आणि स्वच्छ दिसणारं पाणीही पोट बिघडवतं. सरकारी ‘बीचवॉच’ रोज किनारानिहाय अंदाज देतं, घरातून निघण्याआधी तो आणि भरतीचा तक्ता एकदमच उघडावा. पोहून झाल्यावर गोड्या पाण्याने अंघोळ करा, गॉगल आणि पोशाखही धुवा. खारट पाणी वाळून राहिलं की काखेत आणि मांड्यांच्या आत कातडं घासून निघतं, आणि मग परतीच्या दीड तासात ते बसू देत नाही.