विमान-मेकॅनिकांची युनियन : चार पर्यायांचे परीक्षण

अमेरिकेतील विमान कंपनीच्या मेकॅनिकांना आपली युनियन निवडायची असते, तेव्हा त्यांच्यासमोर प्रामुख्याने चार नावे येतात. ‘ॲम्फा’ (एअरक्राफ्ट मेकॅनिक्स फ्रॅटर्नल असोसिएशन) ही १९६२ साली केवळ विमान-मेकॅनिकांसाठी स्थापन झालेली संघटना आहे. टीमस्टर्स, मशिनिस्ट्स आणि ट्रान्सपोर्ट वर्कर्स युनियन या तिन्ही मात्र अनेक व्यवसायांतील कामगारांना सामावून घेणाऱ्या मोठ्या संघटना आहेत. मेकॅनिक दरमहा वर्गणी भरून युनियनची सेवा घेतो, त्यामुळे तिचे परीक्षण इतर कोणत्याही सेवेइतकेच काटेकोरपणे व्हायला हवे.

निवडीचे नियम प्रथम समजून घेतले पाहिजेत. विमान कंपन्यांना १९३६ पासून रेल्वे लेबर ॲक्ट हा मूळचा रेल्वे कामगारांसाठीचा कायदा लागू आहे आणि मतदान नॅशनल मीडिएशन बोर्ड हे मध्यस्थी करणारे सरकारी मंडळ घेते. एखाद्या विमानतळावरील मेकॅनिकांना स्वतंत्रपणे युनियन निवडता येत नाही. संपूर्ण कंपनीतील ‘मेकॅनिक व संबंधित कर्मचारी’ हा गट एकत्र मत देतो. कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीनंतर या गटातील किमान निम्म्या कर्मचाऱ्यांनी सही व तारीख घालून पाठिंब्याची कार्डे दिल्याखेरीज मतदान होत नाही. प्रत्यक्ष मतदानात, २०१० पासून, झालेल्या मतांपैकी बहुमत पुरते. त्यापूर्वी मत न देणारा प्रत्येक जण युनियनच्या विरोधात धरला जात असे. युनियन बदलली की चालू करार रद्द होईल, ही प्रचारात हमखास घातली जाणारी भीती मात्र निराधार आहे, कारण तो करार कायम राहतो आणि नव्या युनियनला तो पुढे चालवावा लागतो.

ॲम्फाचे मोठे बळ म्हणजे उत्तरदायित्व. तिचे पदाधिकारी सभासदांच्या थेट मतदानाने निवडले जातात आणि त्यांना परतही बोलावता येते. ज्या कामगाराच्या परवान्यावर आणि सहीवर विमानाची सुरक्षितता अवलंबून असते, त्याला वाटाघाटींत स्वतःच्या व्यवसायाचा माणूस हवा असणे मला पूर्णतः रास्त वाटते. नॉर्थवेस्ट या विमान कंपनीच्या मेकॅनिकांनी १९९८ मध्ये मशिनिस्ट्सना सोडून ॲम्फाला निवडले आणि २००१ मध्ये भरघोस वेतनवाढीचा करार मिळवला. परंतु याच कंपनीत या संघटनेची मर्यादाही उघडी पडली. २० ऑगस्ट २००५ रोजी सुमारे ४,४०० मेकॅनिक आणि सफाई कर्मचारी संपावर गेले, तेव्हा कंपनीने बदली कामगार आधीच तयार ठेवले होते, वैमानिक आणि इतर युनियनचे कर्मचारी कामावर येत राहिले, आणि संपकाळात सभासदांना आधार देईल असा निधी संघटनेकडे नव्हता. पुढच्याच महिन्यात कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि नोव्हेंबर २००६ मध्ये संप संपला तेव्हा बहुतेकांच्या नोकऱ्या गेलेल्या होत्या. हा इतिहास सांगितल्याशिवाय ॲम्फाची शिफारस करणे कामगारांवर अन्याय ठरेल. त्याचबरोबर साउथवेस्टचे उदाहरणही नोंदवले पाहिजे: तेथे २००३ मध्ये टीमस्टर्सच्या जागी आलेल्या ॲम्फाने २०१२ मध्ये सुरू झालेल्या वाटाघाटी २०१९ पर्यंत नेटाने चालवल्या आणि सुमारे २० टक्के तात्काळ वाढीचा करार पदरात पाडला. इतका काळ लागण्यास कायदाही कारणीभूत आहे, कारण या कायद्याखाली करार संपत नाही, तो केवळ बदलण्यास खुला होतो, आणि बोर्डाने पक्षांना मध्यस्थीतून मोकळे करून आणखी ३० दिवस उलटल्याखेरीज संप करता येत नाही.

टीमस्टर्सकडे पैसा, वकील आणि इतर क्षेत्रांतील लाखो सभासदांची साथ आहे. युनायटेडच्या मेकॅनिकांनी २००३ मध्ये मशिनिस्ट्सऐवजी ॲम्फाला आणि २००८ मध्ये ॲम्फाऐवजी टीमस्टर्सना निवडले, त्यामागे हे बळ मिळवण्याची इच्छा होती असे मी मानतो. त्यांची मासिक वर्गणी साधारणतः अडीच तासांच्या वेतनाइतकी असते. एवढ्या विस्तृत संघटनेत मेकॅनिकांचे प्रश्न मागे पडण्याचा धोका मात्र खरा आहे.

अमेरिकन एअरलाइन्समध्ये यूएस एअरवेजशी झालेल्या विलीनीकरणानंतर ट्रान्सपोर्ट वर्कर्स आणि मशिनिस्ट्स यांनी संयुक्त संघ स्थापन केला. विलीनीकरण २०१३ चे आणि संयुक्त करारास मंजुरी मार्च २०२० मध्ये, हे अंतरच बरेच काही सांगते. दोन संघटनांमध्ये जबाबदारी वाटली गेली की विलंबाचा जाब कोणाला विचारावा हे सामान्य सभासदाला उमगत नाही, म्हणून ही रचना मला सर्वांत कमी पसंत आहे.

माझा कौल ॲम्फाच्या बाजूने आहे, पण एका अटीवर: दुरुस्तीचे बहुतांश काम कंपनी स्वतःच्याच मेकॅनिकांकडून करून घेत असावी. जड दुरुस्तीचे, म्हणजे विमान बराच काळ उभे ठेवून करायच्या मोठ्या दुरुस्तीचे, काम मोठ्या प्रमाणावर बाहेरच्या कंपन्यांकडे जाते तेथे एकट्या मेकॅनिकांच्या संपाची धार बोथट होते, आणि तेथे टीमस्टर्सचा पाठिंबा अधिक मोलाचा ठरतो. प्रचारास येणाऱ्या प्रत्येक प्रतिनिधीला संपनिधी किती आहे, वाटाघाटी करणाऱ्यांना कोण निवडते आणि संप झाल्यास वैमानिक व सामान हाताळणारे कर्मचारी काय करतील, हे विचारावे आणि उत्तर लेखी मागावे. हे प्रश्न कार्डावर सही करण्यापूर्वीच विचारले पाहिजेत, कारण एकदा युनियनला प्रमाणपत्र मिळाले की पुढील दोन वर्षे बोर्ड सहसा नवा अर्ज स्वीकारत नाही.