गुडघ्याच्या संधिवातासाठी फिजिओथेरपी : राजारामपुरीतील एका केंद्राबद्दल

आईच्या दोन्ही गुडघ्यांच्या संधिवातावर, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिसवर, कोल्हापूरच्या राजारामपुरीतील एका फिजिओथेरपी केंद्रात उपचार घेतले. तिथे शिकवला जाणारा व्यायाम उत्तम आहे आणि तो आपल्या शहरात अधिकाधिक लोकांपर्यंत पोहोचावा, असे मला मनापासून वाटते. यंत्रांचे पॅकेज आणि काउंटरवरून विकल्या जाणाऱ्या गोळ्या यांच्याबद्दल मात्र मला तसे म्हणता येत नाही.

पहिल्या भेटीतला बराचसा वेळ थेरपिस्टबाईंनी विचारपूस करण्यात घालवला. सकाळी उठल्यावर गुडघे किती वेळ आखडलेले असतात, भाकरी उभ्याने करता की जमिनीवर बसून, पूर्वी गुडघ्याला मार बसला होता का, पाळी कधी गेली, असे सगळे विचारून झाल्यावर त्यांनी गुडघे तपासले. नवीन एक्स-रे किंवा एमआरआय मागितला नाही, आणि ते योग्यच होते. पंचेचाळिशीपुढच्या माणसाचे दुखणे हालचालीबरोबर वाढत असेल, सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासापेक्षा कमी असेल आणि दुसऱ्या आजाराची शंका नसेल, तर हे निदान लक्षणांवरून करता येते.

गुडघ्यातले वंगण संपले, आता जपून वापरायचे, हा समज आपल्याकडे घरोघरी आहे. बाईंनी तो शांतपणे खोडून काढला. सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेल्या गुळगुळीत आवरणाला, म्हणजे कूर्चेला, रक्तवाहिन्या नसतात. हालचालीच्या दाबाने सांध्यातील द्रव आतबाहेर होतो आणि त्यातूनच तिचे पोषण होते, त्यामुळे पूर्ण विश्रांतीने नुकसानच होते. या आजारात कूर्चा बांधण्यापेक्षा ती मोडणाऱ्या विकरांचा (एन्झाइम्सचा) जोर वाढतो, खालचे हाड घट्ट होते, कडेला हाडाचे काटे वाढतात, आतले अस्तर सुजते आणि मांडीचा स्नायू दुबळा होतो. कूर्चेला मज्जातंतूही नसतात; दुखते ते हाड, अस्तर आणि आसपासचे भाग. म्हणूनच एक्स-रेमध्ये बरीच झीज दिसूनही एखादा माणूस आरामात चालतो, तर थोडीशी झीज असलेल्याला जिना चढवत नाही.

कारणेही एकाहून अधिक असतात. वय, आनुवंशिकता आणि जुनी दुखापत ही त्यातली ठळक कारणे असून स्त्रियांमध्ये पाळी गेल्यानंतर हे प्रमाण वाढते. कोल्हापुरात तर दुखापतीचा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे, कारण तरुणपणी आखाड्यात गुडघ्याचा लिगामेंट किंवा गादी फाटलेल्या मल्लाला हा आजार इतरांपेक्षा बराच लवकर गाठू शकतो. वजनाचा परिणाम केवळ भारापुरता नसतो. चरबीतून दाह वाढवणारी द्रव्ये रक्तात जातात, आणि म्हणून स्थूल व्यक्तींमध्ये हाताच्या बोटांचा संधिवातही अधिक आढळतो. वजन १ किलो उतरले की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोंनी कमी होतो, हे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात मोजलेले आहे. ही माहिती बाईंनी आईला तिच्याच भाषेत सांगितली आणि तिला कुठेही दोषी ठरवले नाही.

व्यायाम साधे, पण शिकवणे काटेकोर. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबून धरायची, घोट्याला वाळूची पिशवी बांधून पाय सरळ उचलायचा आणि हातांचा आधार न घेता खुर्चीवरून उठायचे. आई उठताना बाई समोर बसून गुडघ्याच्या वाटीवर तळहात ठेवत आणि गुडघा जरा आत कलला की लगेच म्हणत, “काकू, आत पडतोय, बाहेर ठेवा.” दुखणे थोडे वाढले तरी चालेल, पण दुसऱ्या दिवसापर्यंत ते पूर्ववत झाले पाहिजे, हा नियमही त्यांनी पहिल्याच दिवशी घालून दिला. काही आठवड्यांत आई खुर्चीच्या हातांना न धरता उठू लागली.

माझी तक्रार यंत्रांबद्दल आहे. पॅकेजचे पैसे आगाऊ घेतले जातात आणि प्रत्येक वेळी अल्ट्रासाउंड व विजेच्या शेकात इतका वेळ जातो की व्यायाम उरकावा लागतो. उपचारांबाबत सूचना देणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये व्यायाम आणि वजन कमी करणे हा उपचारांचा गाभा मानला आहे, तर या विद्युत उपचारांचा पुरेसा पुरावा नसल्याने ते देऊ नयेत असे स्पष्ट म्हटले आहे. काउंटरवरच्या ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांचेही तेच. २००६ साली अमेरिकेत सुमारे १,६०० रुग्णांवर झालेल्या चाचणीत, सर्व रुग्णांचा एकत्र विचार करता, ग्लुकोसामाइन आणि तशाच प्रकारचे कॉन्ड्रॉइटिन हे औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा सरस ठरले नाहीत.

आईने इंजेक्शनबद्दल विचारले तेव्हा बाईंनी घाई करू नका असे सांगितले, आणि संशोधन त्यांच्या बाजूने आहे. २०१७ च्या एका चाचणीत दोन वर्षे दर तीन महिन्यांनी स्टेरॉइड दिलेल्या गुडघ्यांतील कूर्चा सलाइन दिलेल्यांपेक्षा अधिक झिजली आणि वेदनेत फरक पडला नाही. २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियात झालेल्या चाचणीत पीआरपी, म्हणजे रुग्णाच्याच रक्तातून काढलेल्या प्लेटलेटयुक्त द्रवाचे इंजेक्शनही सलाइनपेक्षा वरचढ ठरले नाही. स्प्रिफर्मिन या प्रायोगिक औषधाने कूर्चेची जाडी किंचित वाढली, पण दुखणे त्या प्रमाणात कमी झाले नाही. अलीकडची सर्वांत आशादायक बातमी २०२४ ची आहे : स्थूल रुग्णांना सेमाग्लुटाइड हे वजन कमी करणारे औषध दिल्यावर ६८ आठवड्यांत वजन सरासरी १३.७ टक्के घटले आणि गुडघेदुखीही नकली औषधाच्या तुलनेत स्पष्टपणे कमी झाली. ते औषध अर्थातच डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचे असते.

केंद्र पहिल्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही, ही गुडघ्याच्या रुग्णांसाठी गंभीर उणीव आहे. संध्याकाळी गर्दी असते, त्यामुळे शक्यतो सकाळची वेळ घ्यावी आणि पॅकेजऐवजी प्रत्येक भेटीचे पैसे देण्याची सोय आग्रहाने मागावी. आम्ही मागितल्यावर ती मिळाली. गुडघा अचानक सुजून लाल व गरम झाला असेल, ताप असेल किंवा गुडघा अडकून सरळच होत नसेल, तर मात्र इथे येण्याआधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.