पानशेतची गॉथिक कॅलिग्राफी कार्यशाळा: शिकवणं उत्तम, गाइडशीट चुकीच्या मापाची

पानशेतजवळच्या निवासी कार्यशाळेत दिलेल्या गाइडशीट (सरावाचे आखीव कागद) संपल्या म्हणून नवा गठ्ठा मागवला. तोही चुकीच्या मापाचा आला. तक्रारीवर आयोजकांचं उत्तर: ‘एवढ्यानं काही फरक पडत नाही.’ फरक पडतो, आणि चांगलाच पडतो.

३.८ मिमी रुंद निबच्या पायलट पॅरलल पेनानं टेक्स्चुरा (गॉथिकची दाट, टोकदार शैली) लिहायचं तर एक्स-हाइट, म्हणजे लहान अक्षराच्या मुख्य भागाची उंची, निबच्या रुंदीच्या पाचपट: १९ मिमी. या शीटवर पट्टी ठेवली तर १८.२ भरते. छापताना ‘फिट टू पेज’ (पानात मावेल असं छोटं करणारी सेटिंग) तसंच राहिलं की पान असं चारेक टक्के आकसतं. निब मात्र आकसत नाही. ते ४५ अंशांत धरलं की दांड्याच्या वरचा आणि खालचा डायमंड (शंकरपाळीच्या आकाराचा ठिपका) प्रत्येकी ५.४ मिमी उंची घेणारच. १९ मिमीत मधल्या सरळ दांड्याला सव्वाआठ मिमी उरतात, १८.२ मध्ये जेमतेम साडेसात. सगळी घट दांड्याच्याच वाट्याला येते. ‘मिनिमम’सारखा दांड्यांनीच भरलेला शब्द बसका दिसतो आणि शिकणारा बिचारा आपल्या हाताला दोष देत बसतो. साडेसात हजार फी घेतल्यावर शंभर टक्के स्केलवर छापलेला कागद मिळायलाच हवा.

शिकवण्याबद्दल मात्र तक्रार नाही. पहिली सकाळ फक्त उभ्या दांड्यांची: डायमंड, दांडा, डायमंड, आणि दोन दांड्यांमधली पांढरी जागा दांड्याएवढीच. कोन तपासायची त्यांची रीत तर फारच उपयोगी. ३.८ चं निब ४५ अंशांत धरलं तर दांडा २.७ मिमी रुंद येतो. तो ३.३ भरला तर पेन ३० अंशांवर घसरलंय. खाली येता येता दांडा जाड होत असेल तर बोटांत पेन फिरतंय. बोरूनं देवनागरी गिरवलेल्यांना इथे जास्त त्रास होतो, कारण त्या बोरूचा काप उलट्या बाजूला तिरका असतो आणि हात आपोआप तिकडेच वळतो. त्यांच्याकडे वेगळं लक्ष दिलं गेलं, हे आवर्जून सांगायला हवं. कॅपिटल्स शेवटच्या दोन तासांत उरकल्या, त्या घरीच शिकाव्या लागतात. फ्राक्टुर ही गॉथिकची नंतरची शैली नुसती दाखवली.

पेनाबद्दलचं मत मधल्या काळात बदललं. शाईत बुडवून लिहायच्या होल्डर-निबऐवजी पॅरलल देणं आधी काटकसर वाटली होती. आता तेच योग्य वाटतं. नव्या धातूच्या निबवर संरक्षक थर असतो, तो टूथपेस्टनं घासून काढला नाही तर शाई थेंब होऊन बसते. पुढे दर दोन-चार अक्षरांनी शाई भरा, ती जास्त झाली की गोळा पडतो. पॅरललमध्ये शाई सारखी उतरते, म्हणून चूक दिसली तर ती कोनाची किंवा अंतराची, हे लगेच कळतं. बारीक केसरेषा मात्र धातूच्या निबचीच, तिकडे नंतर वळावं.

पॅरललची शाईची काडतुसं विकत घेत राहू नका. रिकामं काडतूस सिरिंजनं साध्या फाउंटन पेनच्या शाईनं भरता येतं. लाखेची वॉटरप्रूफ इंडिया इंक चुकूनही घालू नका, निबच्या दोन पात्यांच्या मध्ये वाळली की पेन गेलंच म्हणून समजा. शाईचा रंग बदलताना कोमट पाण्यानं धुवून, पेनासोबत येणारी पातळ फिल्म पात्यांमधून फिरवावी.

जुलैत पुण्याची हवा दमट झाली आणि कार्यशाळेचा हातकागद शाई पसरवू लागला, डायमंडची टोकं बोथट झाली. उन्हाळ्यात त्याच कागदावर कडा स्वच्छ येत होत्या. पावसाळ्यात सरावाला १०० जीएसएमचा गुळगुळीत बाँड घ्यावा आणि प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत ठेवावा.

जाणार असाल तर पैसे भरण्याआधी गाइडशीटची फाइल मागा. पुण्यात अप्पा बळवंत चौकात कुठेही छापून घ्या, पण ‘ॲक्च्युअल साइज’ म्हणून बजावून सांगा, आणि पहिली प्रत पट्टीनं मोजल्याशिवाय पुढच्या काढू देऊ नका. फाइल दिली नाही तर स्वतः आखा: १९ मिमीची पट्टी, आणि अक्षरांच्या वर-खाली जाणाऱ्या भागांसाठी वर ७.६, खाली ७.६.